अणुवीज केंद्रातील वापरलेल्या इंधनाची साठवण कशी वाढवतात?

आम्हा नाशिककरांच्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 पासून सुरू आहे. अशा केंद्रातील वापरलेले इंधन पाण्याखाली थंड ठेवण्याचा तलाव भरत आला, तर नवा न बांधता क्षमता वाढवता येते का, असे आपण विचारले आहे. येते. इंधनजुड्या (इंधन भरलेल्या नळ्यांचे गठ्ठे) अधिक जवळजवळ ठेवतात, मात्र त्यामुळे साखळी अभिक्रिया (न्यूट्रॉन कणांमुळे एकामागून एक अणू फुटत जाणे) सुरू होण्याचा धोका वाढू नये म्हणून त्यांच्यामधल्या पत्र्यांत न्यूट्रॉन शोषणारे बोरॉन हे मूलद्रव्य असते. माझ्या मते खरी कसोटी पुढेच आहे: वाढलेले वजन तलावाचा तळ भूकंपातही पेलेल का आणि वाढलेली उष्णता शीतकरण यंत्रणा वाहून नेईल का, हे आधी काटेकोरपणे तपासलेच पाहिजे. काही वर्षे पाण्यात थंड झालेले इंधन कोरड्या, जाड भिंतींच्या पिंपांत हलवणे हा दुसरा मार्ग आहे.