अमेरिकेत ट्रॅव्हल नर्सिंगचं (एजन्सीमार्फत ठरावीक आठवडे दुसरीकडच्या हॉस्पिटलात काम) पहिलं काँट्रॅक्ट घेताय?

अगं, आठवड्याच्या पगाराचा मोठा आकडा बघून लगेच हो म्हणू नकोस, नवीन मुली तिथेच फसतात. त्यात टॅक्स लागणारा तासाचा रेट किती आणि राहण्याजेवणाचा स्टायपेंड (भत्ता) किती ते वेगवेगळं मागून घे, आणि स्टायपेंड टॅक्स-फ्री हवा असेल तर कायमचं घर दुसरीकडे पाहिजे आणि त्याचा खर्चही तूच भरत असायला हवीस. कॅलिफोर्नियाचा पगार भारी दिसतो पण भाडं बघ की, शिवाय तिथे कॉम्पॅक्ट लायसन्स (एकाच लायसन्सवर अनेक राज्यांत काम करता येतं ते) चालत नाही.

- एकाच हॉस्पिटलच्या त्याच जागेसाठी दोन-तीन एजन्सींना विचार, प्रत्येकीचा कट वेगळा
- गॅरंटीड अवर्स (आठवड्याला किमान किती तासांचा पगार नक्की) लेखी घे, काँट्रॅक्ट साधारण १३ आठवड्यांचं असतं आणि नाहीतर मध्येच शिफ्ट कॅन्सल झाल्या तर बसशील घरी बिनपगारी (रिक्रूटर फोनवर गोडच बोलतो)

ओव्हरटाइमचं नंतर बघू, आधी लायसन्स कुठलं आहे ते सांग.