प्रवासात जमलेलं प्रेम खरं असतं का?

"मॅडम, ते प्रेम होतं की नुसता प्रवासाचा अंमल?" साताऱ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की शेवटी लिहायला बसले. कुणाचं ट्रेकवर जमलेलं असतं, कुणाचं एकट्यानं काढलेल्या राइडवर. लग्नाला पाच-सात वर्षं होतात, कुरबुरी वाढतात आणि त्या पहिल्या दिवसाचाच संशय यायला लागतो.

एकीची गोष्ट सांगते, तिच्या परवानगीनं आणि तपशील बदलून.

ती सांगलीची. सात वर्षांपूर्वी सप्टेंबरात स्कूटर काढून एकटीच निघाली. कराडला प्रीतिसंगमावर थांबली, साताऱ्यात मुक्काम, दुसऱ्या दिवशी कास आणि पुढे बामणोली. परतताना पठारावर धुकं उतरलं, अंधार झाला आणि हेडलाइट गेला. मागून एक बाईकवाला आला. यवतेश्वरचा घाट उतरेपर्यंत तो तिच्या मागे राहिला, आपला उजेड तिच्या रस्त्यावर टाकत. "माझीच सावली माझ्या पुढे पळत होती," हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता. पोवई नाक्यावर चहा झाला, नंबर दिले-घेतले, दीड वर्षानं लग्न.

आता मुलगी लहान, नोकरी कराडला, रोजची ये-जा. त्याचे फोन: निघालीस का, कुठे आहेस, अजून पोचली कशी नाहीस. (फोन तपासणं, पैसे अडवणं, धाक दाखवणं असलं काही आहे का, हे मी आधी नीट विचारून घेते. तसं असेल तर प्रश्न प्रेमाचा नसून सुरक्षिततेचा असतो. इथे तसं नव्हतं.)

तिनं कुठेतरी १९७४चा डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग वाचला होता. कॅनडातला उंच, हलता झुलता पूल ओलांडत असलेल्या पुरुषांनी, तिथे भेटलेल्या तरुणीला नंतर फोन करण्याचं प्रमाण साध्या पुलावरच्यांपेक्षा जास्त निघालं. भीतीची धडधड आकर्षणाची वाटते, असा त्याचा अर्थ लावला गेला. "म्हणजे माझंही धुक्यामुळेच!" मी म्हटलं, "असेल. पण तो प्रयोग फोन करण्यापाशी थांबतो. तुम्ही तिथून सात वर्षं पुढे आलाय."

चौथ्या भेटीत ती चिडून म्हणाली, "तो पहिल्यापासून तसाच आहे. त्या रात्रीसुद्धा माझ्या मागे मागेच होता. नजर ठेवायची सवयच आहे त्याला."

मी वही उघडली. मी समोरच्याचे शब्द जसेच्या तसे टिपते, आणि ही सवय मला फार वेळा कामी आली आहे. तिचं पहिल्या भेटीतलं वाक्य वाचलं, मग आत्ताचं.

"यातलं खरं कोणतं?" तिनं विचारलं.

"बाईक मागे होती, हे दोन्हीकडे आहे. 'नजर ठेवणं' हा शब्द कधीचा?"

बराच वेळ ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "आजचा," म्हणाली.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं मी काम करते. घटना आणि तिला आपण चिकटवलेला अर्थ वेगळे करायचे, हा तिचा गाभा. पण तेवढ्यावर मला थांबवेना. मी विचारलं, "तो मागे आला कसा? आपणहून?"

"नाही. शेजारी थांबला, काच वर केली, म्हणाला, 'मागून येऊ का?' मी हो म्हटल्यावर आला." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता तो विचारत नाही, मॅडम."

इतके दिवस आम्ही प्रेम खरं की खोटं हे तपासत होतो. हरवलं होतं ते एक विचारणं. तुम्हीही मागे वळून बघाल तेव्हा 'तेव्हा काय वाटलं' याच्या मागे लागू नका. वाटण्याला आजच्या मनाचा रंग चढतो. तेव्हा कोण काय बोललं, कुणी काय केलं, ते लिहून काढा. मग त्यातलं आज काय चालू आहे, काय बंद पडलं, ते बघा. बंद पडलेलं जोडीदाराकडे नाव घेऊन मागता येतं. 'पूर्वीसारखा राहिला नाहीस' यावर कुणाला काय करता येणार? 'फोन करू का, असं आधी विचारत जा' यावर करता येतं.

शेवटच्या भेटीला दोघं आले. येत्या सप्टेंबरात ती पुन्हा एकटी बामणोलीला जाणार होती. तो जरा अवघडून म्हणाला, "मागून येऊ का?"

"नको," ती म्हणाली. "पोचले की मीच फोन करते."

त्यानं मान डोलावली.