माळा रिकामा करायच्या आधी

प्रिय पोरी,

तुझा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा तुझं म्हणणं कळायला आणि एकदा मागून आई काय बोलतेय ते ऐकायला. तू म्हणतेस मे च्या शेवटी चार दिवस सुट्टी टाकून येते, टेम्पो सांगून ठेवलाय, आजीचं सगळं सामान काढून घर मोकळं करून टाकते, आणि मागे आई म्हणतेय, "ऱ्हाऊ दे व माय, कामले येई". हे वाक्य मी सासूबाईंच्या तोंडून वीस वर्षं ऐकलं आणि आता माझ्या सुना माझ्या तोंडून ऐकतात, म्हणजे मी दोन्ही पार्ट्यांची आहे असं धर. फोनवरच सांगितलं असतं पण तू मधेच तोडतेस म्हणून लिहिते.

आधी तो टेम्पो कॅन्सल कर.

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्याच महिन्यात मी पण अस्संच केलं होतं. पदर खोचला, दोन दिवसात माळा रिकामा. रद्दीवाल्याच्या काट्यावर एक लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं पडलं, त्याने बिचाऱ्याने विचारलं पण होतं की ताई हे सोडून बघायचं का, मी म्हटलं ने रे बाबा, जुनी कागदं आहेत. सतरा किलो भरली सगळी रद्दी मिळून. बारा वर्षांनी पुतण्याच्या ॲडमिशनला कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जातीच्या दाखल्याची पडताळणी लागली आणि घरात एकच प्रश्न, सासरच्या दादांचा शाळा सोडल्याचा दाखला कुठंय? तो त्या लाल फडक्यात होता. शाळेत गेलो तर रजिस्टरची नेमकी ती पानं वाळवीने खाल्लेली. चुलत घराण्यातल्या एकाचा कागद निघाला म्हणून पोराचं वर्ष वाचलं, पण दादा मला एका शब्दाने बोलले नाहीत, ते अजून लागतं.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, एससीला १० ऑगस्ट १९५० आणि एसटीला ६ सप्टेंबर १९५०. म्हणजे आजोबा-पणजोबांचा तो पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला कागद तुझ्या लेकरांच्या पण कामाचा आहे. तेव्हा कागद कोणताही असो, उघडून वाचल्याशिवाय काट्यावर जाणार नाही. खरेदीखत, फेरफार, जुने सातबारे, जन्माच्या नोंदी एका पेटीत घाल आणि मोबाईलमध्ये फोटो काढून भावाला पण पाठव. २००९ ची लाईट बिलं, लग्नपत्रिका, खताच्या दुकानाची कॅलेंडरं खुशाल दे. आजीची पासबुकं सापडली तर फेकू नको, दहा वर्षं खात्याला हात लागला नाही की पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात पण बुडत नाहीत, वारसाला बँकेतून मागता येतात, आणि २०२३ पासून उद्गम नावाचं पोर्टल आहे त्याच्यावर नाव टाकून शोधता पण येतं. आणि वळणदार, न वाचता येणारं काही निघालं तर ते जुन्या मोडी लिपीतलं असेल. ते मला दे, मी इथे धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळात दाखवून आणते. इतिहासाचार्य राजवाडे असेच गावोगाव लोकांच्या घरातले जुने कागद गोळा करत फिरले आणि १९२६ ला धुळ्यातच वारले. तुमच्या गाठोड्यात काय निघेल कोण सांगावं, बहुतेक उधारीचा हिशोबच निघेल, पण बघायला काय जातं.

आता भांडी. इथे लोक फार फसतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. आजीच्या उतरंडीखाली दोन घागरी, एक गंज, तीन-चार ताटं आहेत ती मला आठवतात. मोडीत देणारच असशील तर ताटं आधी वेगळी कर. टिचकी मारून बघ, पितळ ठण्ण करून गप्प बसतं आणि कासं देवळातल्या घंटेसारखं वाजत राहतं. पितळेत तांबं आणि जस्त, काश्यात तांबं आणि कथील, आणि कथील जस्तापेक्षा कितीतरी महाग. दारावर येणारा सगळं एकाच काट्यावर पितळ म्हणून टाकतो आणि तू पुण्याची म्हटल्यावर टाकणारच. दोन दुकानं फिर, भाव विचार, मग दे. त्यातलं एक ताट मात्र आईच्या रोजच्या जेवणाला खाली काढ, माळ्यावर ठेवून त्याचं काय होणारे.

स्टीलचे डबे मोजून एकवीस निघतील, आणि प्रत्येकावर मशीनने कोरलेलं, मामांकडून सप्रेम भेट, तारीख, गाव. ते नाव बघून आई हात मागे घेईल बघ. मोडीत त्याचे दोन पैसे पण येत नाहीत. तालुक्याला खोली करून राहणारी कॉलेजची पोरं असतात, त्यांना दे, मामाचं नाव कुणाच्यातरी तांदळावर राहील. माझ्या लग्नातला काचेचा डिनर सेट मी चौदा वर्षं पाहुण्यांसाठी ठेवला, शेवटी पाहुणे आले तेव्हा बॉक्सचा तळच निसटला आणि आम्ही सगळे पत्रावळीवर जेवलो. असो.

राहिला आईचा प्रश्न. तुला वाटतं ती पसारा धरून बसलीये, मला वाटतं तिला कोणी विचारतच नाहीये. सासूच्या संसारात तिने पण चाळीस वर्षं काढली, आणि आत्या पण आहेत ना तुझ्या दोन, त्यांच्या आईच्या वस्तू आहेत त्या. म्हणून मे च्या शेवटी येऊ नको, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ये. आत्या माहेरी येणारच आहेत. घागर भरून झाली, पुरणपोळ्या झाल्या की पेट्या अंगणात आणायच्या आणि झाकण उघडायचं. तू फक्त बसून राहायचं. कोणाला नथ आठवेल, कोणाला फाटकी नऊवारी हवी असेल, रडतील, भांडतील पण थोड्या, भांडू दे. ज्याला जे हवं त्याच्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी, आणि ती वस्तू त्याच खेपेला गाडीत. "असू दे, पुढच्या वेळी नेते" हे अजिबात ऐकायचं नाही, माझ्या घरात नणंदेचं शिलाई मशीन असंच नऊ वर्षं पुढच्या वेळची वाट बघत होतं.

मग उरलेलं श्रावणात. कानबाईच्या सणाआधी घर धुवायचं, भिंती सारवायच्या-रंगवायच्या म्हणून सामान तसंही बाहेर निघतं, तेव्हा ज्याच्यावर चिठ्ठी नाही ते जाऊ दे, आणि तेव्हा आईच स्वतः म्हणेल ने म्हणून. चार दिवसांचं काम चार महिन्यात होईल, होऊ दे.

बारीकसारीक. पत्र्याखालच्या माळ्यावर सकाळी दहाच्या आत चढायचं, नंतर आपल्याकडचं ऊन तुला सोसायचं नाही. लाकडं, गोणपाट हाताने उचलू नको, काठीने हलव, विंचू असतो. गाद्यांचा कापूस चांगला असेल तर पिंजून घे. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब अंगणात फोडू देऊ नको, काचेत शिसं असतं. आणि कपाशीच्या फवारणीच्या अर्धवट बाटल्या निघतील, एंडोसल्फान तर २०११ पासून बंद आहे पण घरोघरी कोपऱ्यात असतं, ते मोरीत ओतायचं नाही, विहिरीजवळ तर नाहीच, बाटली तेला-पाण्याला वापरायची नाही, कुलपात ठेव आणि कृषी खात्याच्या माणसाला विचार.

हो, आणि तुझी खोली. आजीच्या माळ्याला हात लावायच्या आधी तुझे मोबाईलचे रिकामे बॉक्स, इंजिनिअरिंगच्या नोट्स आणि ऑनलाईन मागवून एकदाच घातलेले ते सँडल बाहेर काढ. आईला दिसू दे की तुझ्याने पण काढवत नाही पटकन.

एक राहिलंच. पुरणाचे मांडे भाजायचं मातीचं खापर चुलीमागे पालथं असेल. आजीच्या हाताखाली तयार झालेलं खापर आहे ते, नव्याला तसं वळण यायला वर्षं जातात. गावात ऑर्डरने मांडे करून देणारी कोणी असेल तर तिला दे, आई करणार असेल तर आईला. दोघींपैकी कोणालाच नको असेल तर मला कळव. माझ्या खापराला तडा गेलाय दिवाळीत. म्हणजे मी मागत नाहीये, पण एसटीने आणणार असशील तर मांडीवर घेऊन बस, वरच्या रॅकवर टाकू नको.

तुझी,
बाई