घाबरलेल्या मुलीला पुन्हा समुद्रात ढकलावं का?

खेळाडू मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात तेव्हा प्रश्न साधारण एकाच वळणाचा असतो. मुलगा कबड्डीत तालुक्यापर्यंत चमकला, जिल्ह्याच्या निवड चाचणीत पहिल्याच चढाईत पकडला गेला आणि तेव्हापासून मैदानाचं नाव काढत नाही. मुलगी खो-खोत चपळ, पण पाय मुरगळल्यापासून संरक्षणाला उतरली की जागच्या जागी थिजते. वडील म्हणतात, "संकटाशिवाय माणूस घडत नाही, जरा ढकलूया." आई म्हणते, "नको वाटतंय तर सोडून दे ना, खेळच आहे." दोघंही माझ्याकडे बघतात. पंचाने हात वर करावा, तसं मी कुणातरी एकाच्या बाजूने बोलावं अशी अपेक्षा असते.

मी तसं करत नाही. का, ते एका मुलीच्या गोष्टीतून सांगते. तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीने लिहितेय. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मानसी नववीत. मालवण तालुक्यातली, वडिलांची छोटी फायबरची होडी, जाळी टाकून मासेमारी. मुलगी पोहायला शिकली ती मात्र तरण तलावात, आणि शालेय स्पर्धांत फ्रीस्टाइलला सातत्याने पहिल्या तिघींत. डिसेंबरात तिला पहिल्यांदा समुद्रातल्या स्पर्धेत उतरवलं. निम्मं अंतर झालं आणि तिने हात वर केला. बचाव बोटीतल्या माणसांनी तिला उचलून घेतलं. त्यानंतर ती तलावातही टाळाटाळ करू लागली. सरावाच्या दिवशी पोट दुखायचं. खरंच दुखायचं, नाटक नव्हतं.

वडील पहिल्या भेटीत फार बोलले नाहीत. निघताना दारात उभं राहून म्हणाले, "मॅडम, होडयेवाल्याचा चेडू नि दर्याक भिता, लोक हसतत ओ." मग थोडं थांबून, "तिका परत थयच टाकूया, भिती आपोआप जातली." प्रशिक्षकांचंही तेच मत. आईला मुलीने पोहणंच सोडलं तरी चाललं असतं.

आधी मी मानसीला त्या दिवशीचं सगळं हळूहळू सांगायला लावलं, जणू मी पाण्यात तिच्या शेजारीच होते. मोठी माणसं "काय झालं?" असं विचारतात आणि मूल "घाबरले" म्हणून मोकळं होतं. त्या एका शब्दात काहीच कळत नाही. तिच्या सांगण्यातून मिळालं ते असं: तलावात खाली काळी रेघ असते, तिच्यावरून हात मारत जायचं. समुद्रात खाली नुसता हिरवा गढूळपणा. पहिला बोया मागे गेला, तेव्हा चष्म्यात पाणी शिरलं. मान वर केली तर लाटेमुळे किनारा दिसेना. श्वास घ्यायला तोंड उघडलं तर लाट तोंडात. मग तिने श्वास कोंडून धरला आणि जोरजोरात हात मारायला सुरुवात केली. "माका श्वासच मिळाक नाय."

यातलं शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, कारण गाठ तिथेच होती. घाबरलेला पोहणारा बहुतेक वेळा श्वास घ्यायला विसरत नाही, सोडायला विसरतो. पाण्याखाली हवा नीट सोडली नाही की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्यानेच गुदमरल्यासारखं वाटतं. छातीत हवा असून हवा नाही असं वाटतं. हे मी मानसीला चित्र काढून सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. तोवर तिने एकच अर्थ लावला होता, की आपण मुळातच भित्र्या.

आता वडिलांचा उपाय का नको, ते सांगते. ती बोटीत चढली तेव्हा भीती अगदी टोकाला होती आणि चढताक्षणी सुटका झाली. मेंदू अशा वेळी एकच धडा घेतो: बोटीने वाचवलं, नाहीतर मेलोच असतो. तिला तसंच परत त्याच पाण्यात टाकलं असतं, तर ती पुन्हा टोकाला पोचून पुन्हा बोटीत चढली असती, आणि धडा दुप्पट पक्का झाला असता. आईचा उपायही वेगळ्या वाटेने तिथेच पोचतो. सरावाला गेलं नाही की सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेच्या गोडीने पुढच्या वेळी जाणं आणखी अवघड होतं. तिचं पोट म्हणूनच दुखत होतं.

संकटाने माणूस कणखर होतो हे खोटं नाही. अर्धं खरं आहे. अमेरिकेत मार्क सीरी आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये सुमारे 2400 लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आयुष्यात खूप संकटं सोसलेल्यांपेक्षा आणि एकही न सोसलेल्यांपेक्षाही, थोडीफार सोसलेल्यांची मनःस्थिती अधिक चांगली आढळली. म्हणजे सगळा मामला मात्रेचा. डोनाल्ड मायकेनबॉम या मानसशास्त्रज्ञाने तर आपल्या पद्धतीचं नावच लसीकरणावरून ठेवलं. आधी माणसाला समजावून सांगायचं की शरीरात काय होतंय, मग हाताशी दोन-चार उपाय द्यायचे, आणि त्यानंतरच ताण द्यायचा, तोही चढत्या मात्रेने. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर उडी मारतात आणि त्याला शिस्त म्हणतात.

हे वडिलांच्या गळी उतरवायला मला अभ्यास सांगावा लागला नाही. मी विचारलं, "तुम्ही होडी कधी काढता?" ते म्हणाले, "वारो बघून." मी म्हटलं, "आणि उधाणात, वारा उलटा असताना?" ते हसले. "उधाणात कोण जाता? मी काय खुळो आसंय?" मग स्वतःच गप्प झाले. माझं काम तिथे निम्मं झालं.

त्या दिवसापासून मानसीच्या सरावाचं वेळापत्रक वडिलांनी आखलं. मी फक्त तिच्या भीतीचा आकडा विचारत होते, शून्य ते दहा. सुरुवात अष्टमी-नवमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, जेव्हा भरती-ओहोटीची ओढ कमी असते. वेळ पहाटेची, मतलई वारा जमिनीकडून वाहत असताना, म्हणजे पाणी बऱ्यापैकी सपाट. आधी कमरेइतक्या पाण्यात, किनाऱ्याला समांतर. मग छातीइतक्या. मग वडिलांची होडी शेजारी ठेवून खोल पाण्यात. आकडा चारच्या खाली आल्याशिवाय पुढची पायरी नाही. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटून पाणी खवळतं तेव्हाचा सराव सगळ्यात शेवटी ठेवला. आणि उधाणाच्या दिवशी सुट्टी. घाबरून नव्हे, वडिलांच्याच नियमाने.

एक अट मानसीच्या बाजूने घातली. तिने हात वर केला की सराव तिथेच थांबणार, कुणी का म्हणून विचारायचं नाही. प्रशिक्षक याला तयारच नव्हते. त्यांचं म्हणणं, मुलगी दर पाच मिनिटांनी हात वर करेल. सुरुवातीला तिने केलाही. पण थांबण्याचा हक्क खरा आहे याची खात्री पटल्यावर तिला तो वापरायची गरज कमी कमी वाटू लागली. माझ्या कामात हे इतक्यांदा पाहिलंय की आता मला याचं नवल वाटत नाही. प्रशिक्षकांना मात्र वाटलं.

हात वर करण्याआधी काय करायचं, तेही ठरलं होतं. पाठीवर वळायचं, कान पाण्यात, पोट वर, आणि लांब श्वास सोडायचा. घ्यायचा नाही, सोडायचा. घेणं आपोआप होतं. दहा श्वास मोजून मगच ठरवायचं, बोट की पुढे. आणि दिशा? इथे पुन्हा वडील कामाला आले. जाळी कुठे टाकायची हे मच्छीमार किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ओळखतात. त्यांनी तिला देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खोबण जुळवायला शिकवली. ठरावीक हातांनंतर नाकापर्यंतच मान उचलून खूण बघायची आणि परत पाण्यात. तळाच्या काळ्या रेघेच्या जागी तिला ही रेघ मिळाली, आणि ती बापाकडून मिळाली याचा तिला किती आनंद होता ते ती मला तरी लपवू शकली नाही.

प्रशिक्षकांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते वाईट माणूस नव्हेत. मायकेल फेल्प्सची गोष्ट ते मुलांना नेहमी सांगत: 2008, बीजिंग, 200 मीटर बटरफ्लाय, चष्म्यात पाणी भरलं, काही दिसत नव्हतं, तरी हात मोजत गेला आणि विश्वविक्रमासह सुवर्ण. "आणि तू चष्म्यात पाणी गेलं म्हणून बोटीत चढतेस!" मी त्यांना त्याच गोष्टीचा मागचा भाग सांगितला. फेल्प्सचे प्रशिक्षक बॉब बोमन यांनी त्याच्या आधी एका कमी महत्त्वाच्या शर्यतीपूर्वी त्याच्या चष्म्यावर मुद्दाम पाय दिला होता आणि त्याला तसंच पोहायला लावलं होतं. म्हणजे बीजिंगमधलं संकट त्याला नवीन नव्हतं. आणि हे करणारा माणूस त्याला अकरा वर्षांचा असल्यापासून ओळखत होता. प्रशिक्षकांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत.

पण पावसाळ्यात समुद्र बंद झाला तेव्हा तलावातला सराव त्यांनीच बदलला. मानसीने मुद्दाम चष्म्यात पाणी भरून पोहायचं. शेजारच्या लेनमधली पोरं फळ्या आपटून लाटा करायची. तिला हसू यायचं आणि हसताना पाणी नाकात जायचं. भीतीच्या आकड्यात त्या महिन्यांत पडलेला फरक मला समुद्रातल्या सरावापेक्षाही मोठा वाटला.

वडिलांकडेही एक गोष्ट होती, मोबाइलवर आलेली, मुरलीकांत पेटकरांची. सांगली जिल्ह्यातले, सैन्यात मुष्टियोद्धे, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलला विश्वविक्रमासह सुवर्ण. खरीखुरी आणि मोठी गोष्ट. पण मोबाइलवरच्या मजकुरात गोळ्यांनंतर लगेच पदक येतं. मधली सात वर्षं गायब. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले, त्यामागे रुग्णालय होतं, हात धरणारी माणसं होती. मुलांना अशा गोष्टी सांगू नका असं मी म्हणत नाही. मधली वर्षं गाळू नका, एवढंच.

सरावानंतर मानसी वहीत तीन ओळी लिहायची: काय झालं, मी काय केलं, उद्या काय. मोठ्या वाक्यांची अपेक्षा नव्हती. ऑक्टोबरातल्या एका पानावर आहे: "चष्म्यात पाणी. पाठीवर गेले, सात श्वासांतच बरं वाटलं. होडीला हात लावला नाही. उद्या दुपारी." एका दिवशी जेलीफिशने दंडावर चटका दिला. ती रडत बाहेर आली, त्या दिवशी वहीत काहीच नाही. वडिलांनी विचारलंही नाही, हे मला फार आवडलं. घरी परतताना दुचाकीवर सरावाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे त्यांनी महिन्याभरात आत्मसात केलं होतं. पालकांना सगळ्यात जड जाणारी गोष्ट हीच. दोन दिवसांनी तिनेच विचारलं, "भांग कधी आसा?"

डिसेंबरात ती पुन्हा उतरली, पण लहान अंतराला. ते तिने स्वतः निवडलं. मध्येच पाठीवर वळली, श्वास मोजले, परत सुलटी झाली. नंबर आला नाही. बोटीवर असलेल्या एका काकांनी, "काय गे, थकलंस काय?" असं विचारलं तर तिने नुसती मान हलवली म्हणे. आता मोठ्या अंतरासाठी प्रशिक्षकांशी तिची हुज्जत चालू आहे. ते अजून नको म्हणतायत.

कबड्डी-खो-खोवाल्या पालकांना थोडक्यात सांगायचं तर पायऱ्या खेळानुसार बदलतील, क्रम हाच. निवड चाचणीत गळपटलेल्या चढाईपटूला आधी ओळखीच्या मंडळात, मग शेजारच्या गावात, मग आरडाओरडा करणाऱ्या प्रेक्षकांसमोर. छाती धडधडली की "शरीर तयारी करतंय" असं स्वतःला सांगायची सवय सरावातच लावायची, सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा नव्हे.

आणि काही गोष्टी संकट म्हणून स्वीकारायच्याच नसतात. सुजलेला गुडघा किंवा घोटा आधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवायचा; तो मनाच्या जोरावर पळवायचा नसतो. आपल्या किनाऱ्यावर दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही, तिथे "पाणी न पिता सराव करा म्हणजे दम वाढतो" म्हणणारा कुणी असेल तर सरळ त्याला हरकत घ्या. मुलाला सगळ्यांसमोर अपमानित करणं, अंगावर हात टाकणं, यातून कणखरपणा येतो असं मानणारे अजून आहेत. तिथून मुलाला बाहेर काढणं म्हणजे पळपुटेपणा नव्हे.

दोन-तीन आठवडे झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, मूल खेळच नव्हे तर मित्र आणि शाळाही टाळत असेल किंवा जगण्याला कंटाळल्यासारखं बोलत असेल, तर सरावाची पायरी शोधत बसू नका, समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जवळपास कुणी नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.