बी-२ ची एन्झाइम टेस्ट मशीनवर बसेल का?

प्रश्न : सर, मी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करतेय. प्रोजेक्टला बी-२ व्हिटॅमिनची कमतरता ओळखायची ग्लुटाथायोन रिडक्टेज (लाल पेशीतलं एक एन्झाइम) टेस्ट घेतलीय पण हाताने दिवसाला दहा-बारा सॅम्पलच होतात. ऑटो अ‍ॅनालायझरवर म्हणजे आपोआप टेस्ट करणाऱ्या मशीनवर लावता येईल का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : येईल, नक्की येईल. तू एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट) लावतेस ना, तिथे ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात एनएडीएच हा पदार्थ कमी होताना मशीन बघतं, इथे त्याच ३४० ला त्याचंच भावंड एनएडीपीएच कमी होताना बघायचंय, तापमानही तेच ३७ डिग्री. फक्त एका सॅम्पलच्या दोन टेस्ट लावायच्या, एक साधी आणि एक वरून एफएडी घालून. हे एफएडी शरीरात बी-२ पासूनच बनतं आणि त्याच्याशिवाय हे एन्झाइम चालत नाही, म्हणजे बी-२ कमी पडलं की लाल पेशीतलं काही एन्झाइम नुसतं बसून राहतं आणि वरून एफएडी दिलं की कामाला लागतं. एफएडीवाल्या टेस्टमधला एन्झाइमचा वेग भागिले साध्या टेस्टमधला वेग. हा आकडा १ च्या जवळपास आला तर ठीक, १.४ च्या वर गेला तर कमतरता धरतात, मधल्या आकड्यांसाठी कटऑफ वेगवेगळे आहेत म्हणून तू कुठला घेतलास ते रिपोर्टवर लिहीच. भागाकार असल्याने हिमोग्लोबिनची दुरुस्ती करायची कटकटही वाचते.

आता खरी मेहनत. लाल पेशी सलाइनने तीनदा धुणं, वरचा पांढऱ्या पेशींचा थर काढणं हे हातानेच करावं लागणार, आणि तिथे घाई केली की पुढे मशीन कितीही भारी असो, आकडा चुकतोच. दुसरं, एफएडी एन्झाइमला चिकटायला वेळ लागतो, बऱ्याच मशीनमध्ये पहिलं रिएजंट (टेस्टचं रसायन) घातल्यानंतर जेमतेम पाच मिनिटं मिळतात, ती पुरत नाहीत आणि मग कमतरता असूनही आकडा नॉर्मलकडे झुकतो. म्हणून दोन्ही ट्यूब बाहेरच अर्धा तास ३७ डिग्रीला ठेव आणि उजेडापासून झाकून ठेव, एफएडी उजेडात खराब होतं.

आपल्याच देशात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत महताब बामजी यांनी १९६९ मध्ये या टेस्टवर पेपर छापलाय, तो मिळवून वाचच, मला त्या कामाचा फार अभिमान वाटतो.

आणि हो, जी-सिक्स-पीडी (लाल पेशीतलं आणखी एक एन्झाइम) कमी असलेल्या माणसात ही टेस्ट फसवते, बी-२ कमी असलं तरी आकडा चांगला दिसतो, त्यामुळे ती सॅम्पल आधीच बाजूला काढ. सुरुवातीला वीसेक सॅम्पल हाताने आणि मशीनवर दोन्हीकडे चालव, आकडे जुळले की मगच स्टॉपवॉच कपाटात ठेव.