‘पीएफचं विचारलं तर नोकरी देतील का?’

तिचं वय ३१. जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली, सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये ६ वर्षं स्टाफ नर्स, त्यातली ४ आयसीयूत. पगार १६,००० रुपये, रोख, पाकिटातून. पगारपावती नाही, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) नाही, ईएसआय (कामगार राज्य विमा) नाही, नियुक्तीपत्रही नाही. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नवी नोकरी शोधताना ३ मुलाखती झाल्या आणि तिन्ही वेळा प्रश्न ओठांवर येऊन परत गेला. “आल्या आल्या हिशोब मागते असं वाटलं, तर पुन्हा बोलावणारच नाहीत,” हे तिचं म्हणणं. लॅब टेक्निशियन, ओटी असिस्टंट, फार्मसीतल्या मुली, सगळ्यांच्या तोंडी हीच भीती असते.

मुलाखतीच्या तयारीसाठी ती भेटायला आली. पहिल्या भेटीत तिला एवढंच विचारलं, की घरात कोणाचा पीएफ आहे का? “आईचा,” ती म्हणाली आणि गप्प झाली. आई सोलापूरच्या पूर्व भागात राहते, घरी विड्या वळून कारखान्यात देते. आईची कपात होते, पासबुक आहे. व्हेंटिलेटर सांभाळणाऱ्या मुलीकडे तेही नाही. पीएफ मागणं म्हणजे आगाऊपणा, ही समजूत तिथे पहिल्यांदा हलली.

भीती पूर्ण गेली नाही, आणि ती जाईपर्यंत थांबायची गरजही नव्हती. प्रश्नाची मांडणी बदलली तरी पुष्कळ होतं. “पीएफ आहे का?” याला “देऊ की, सहा महिन्यांनी” असं उत्तर मिळतं आणि विषय संपतो. खरं तर जिथे २० किंवा अधिक माणसं काम करतात तिथे पीएफ रुजू झाल्याच्या दिवसापासून लागू होतो. प्रोबेशन संपण्याची अट कायद्यात नाही. ईएसआयला १० माणसं पुरतात, पगाराची मर्यादा २१,००० रुपये. माणसं मोजताना कंत्राटी वॉर्डबॉय, मावशी, सफाईवाले सगळे धरायचे. एक पळवाट मात्र लक्षात ठेवावी लागते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० च्या किंचित वर दाखवला, तर आधी कधीच पीएफ सभासद नसलेल्या माणसाला योजनेबाहेर ठेवता येतं.

म्हणून प्रश्न असा घासून घेतला: “मॅडम, हातात किती येईल, कपात कशाकशाची, आणि हॉस्पिटलचा हिस्सा या आकड्याच्या बाहेर आहे की आत?” हा प्रश्न शेवटी, ड्यूटी आणि विभागाचं बोलणं झाल्यावर विचारायचा. दोन भेटींत तिनं तो दहा-बारा वेळा मोठ्यानं म्हटला. सुरुवातीला “सॉरी, पण” हे दोन शब्द दर वेळी पुढे येत होते. ते गेल्यावर आवाज आपोआप सरळ झाला.

मुलाखतीआधी करायचं काम याहून सोपं आणि जास्त उपयोगाचं. ईपीएफओ या पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे. नाव टाकलं की कोड दिसतो, आणि दर महिन्याला किती माणसांची किती रक्कम भरली तेही दिसतं. फलकावरचं नाव टाकून अनेकदा काही सापडत नाही, कारण नोंद बहुधा ट्रस्टच्या, कंपनीच्या किंवा माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या नावावर असते. बिलाच्या पावतीवर खाली बारीक अक्षरांत असलेलं नाव टाकायचं. तिनं अशी दोन हॉस्पिटलं तपासली. एकात ७० च्या वर कर्मचारी, पीएफ मात्र ९ जणांचा. तिथे ती गेलीच नाही.

दुसरीकडून बोलावणं आलं. एकूण पगार १७,०००, त्यात मूळ आणि महागाई भत्ता १२,०००. तिचा पहिला हिशोब असा, की पीएफचे १,४४० आणि ईएसआयचे १२८ गेले म्हणजे हातात १५,४३२, म्हणजे आत्ताच्यापेक्षा ५६८ रुपये कमी. ती नाही म्हणायच्या बेतात होती. मग कागदावर दुसरी बाजू मांडली. हॉस्पिटल वरून पीएफचे आणखी १,४४० भरणार. त्यातले १,००० पेन्शनमध्ये, ४४० तिच्या खात्यात. ईएसआयचे ५५३ वेगळे. म्हणजे हातातले ५६८ कमी झाले, तरी दरमहा १,८८० तिच्याच नावावर साठणार. आजारपणाची ९१ दिवसांपर्यंतची ७० टक्के वेतनभरपाई आणि २६ आठवड्यांची प्रसूती रजा हे ईएसआयचे हक्कही आले, फक्त त्यासाठी ठरलेल्या दिवसांची वर्गणी आधी भरलेली लागते. महाराष्ट्रात महिलांना दरमहा २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, त्यामुळे ती कपात दिसली तर विचारायची.

आणखी एक प्रश्न तिनं स्वतः काढला, आणि तो फार मोलाचा. रुग्णाला वापरलेली सुई टोचली तर काय? एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. रात्रपाळीत ते कोण देणार, तपासणीचा खर्च कोणाचा, हिपॅटायटिस बीचे तीन डोस हॉस्पिटल देतं का? याचं उत्तर मेट्रननं अडखळत दिलं, तर समजून घ्यावं.

कागदांत तिची गाडी अडणार होती, ती नावावर. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावानं, आधार सासरच्या. यूएएन (पीएफ सभासदाचा कायमचा क्रमांक) आधारवर निघतो, नाव जुळलं नाही की तिथेच अडकतो आणि मग हॉस्पिटलला “तुमचंच काम राहिलंय” म्हणायला जागा मिळते. रुजू होण्याआधी विवाह प्रमाणपत्र जोडून कौन्सिलकडे नावबदलाचा अर्ज केला. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ ठेवून घेऊ द्यायची नाहीत. नियुक्तीपत्र हातात पडल्यावरच जुना राजीनामा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे, म्हणून ते मागताना संकोच नको. जुन्या ठिकाणाहून निघताना अनुभवपत्रात विभाग, बेडसंख्या आणि तारखा लिहून घ्यायच्या. नुसतं ‘काम केले आहे’ एवढ्या वाक्याचा पुढे सरकारी भरतीत उपयोग होत नाही.

एका महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. त्यामुळे २० तारखेच्या सुमारास उमंग ॲपवर पासबुक पाहायला तिला सांगितलं होतं. पगारपावतीवर कपात आहे आणि पासबुक कोरं, असं होऊ शकतं. लगेच विचारलं तर ते एका महिन्याचं प्रकरण राहतं.

जुन्या नोकरीतला पीएफ मागता येतो का? येतो, पीएफ कार्यालयाकडे तक्रार करून. पण पगार रोख, म्हणून पुरावा गोळा करावा लागतो: ओळखपत्र, हजेरी, ड्यूटी रोस्टरचे फोटो (रुग्णांची नावं झाकून), सोबत काम केलेल्यांची साक्ष. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात ईपीएफओचा ‘निधी आपके निकट’ हा कार्यक्रम असतो, सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. तिथे आधी नुसतं विचारून येता येतं. तक्रार करायची की नाही हे तिनं अजून ठरवलेलं नाही. जुन्या हॉस्पिटलात तिच्या दोन मैत्रिणी आहेत, त्यांच्याशी बोलून मगच ती ठरवणार आहे. रोस्टरचे फोटो मात्र तिनं तारीखवार लावून ठेवलेत.