नॅनोपार्टिकल (अतिसूक्ष्म कण), पॉलिमर (प्लास्टिकसारखे लांब साखळीचे रेणू) आणि सेल मेंब्रेन (पेशीचं बाहेरचं आवरण), तिन्हींवरचं काम एकाच करिअरमध्ये जमतं का?

जमतं की! नॅनोइंजिनिअर लियांगफांग झांग यांचं काम बघा. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात पीएचडी करताना लिपिडच्या (चरबीसारख्या रेणूंच्या) पोकळ गोळ्यांवर नॅनोपार्टिकल चिकटवून त्या स्थिर कशा ठेवायच्या यावर काम, मग एमआयटीत, पॉलिमरमधून औषध देण्याच्या तंत्रातले नामवंत संशोधक रॉबर्ट लँगर यांच्याकडे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन), आणि २००८ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो कॅम्पसमध्ये स्वतःची लॅब. तिथे २०११ मध्ये टीमने जे केलं ते मला फारच भारी वाटतं, पीएलजीए या शरीरात हळूहळू विघटित होणाऱ्या पॉलिमरच्या नॅनोकणावर उंदराच्या लाल रक्तपेशीचं खरंखुरं मेंब्रेन चढवलं, मग शरीराला तो कण आपलाच वाटतो आणि तो रक्तात जास्त वेळ टिकतो. २०१३ ला तेच कण स्पंजसारखे वापरले, पेशीला भोकं पाडणारं बॅक्टेरियाचं विष त्यांनी उंदरांत शोषून घेतलं. त्यामुळे पीएचडी आणि पोस्टडॉकसाठी मुद्दाम वेगळे विषय निवडा.